लेवल हाय

कर्जतच्या पुलाअलीकडे भाजीवाल्या बसतात, तिथे सुचेताने कढीपत्ता आहे का असं विचारलं, तेव्हा समोरच्या बाईने ओल्या गोणपाटाचं टोक उचललं, खाली चाचपून एक काडी बाहेर काढली आणि तळहातावर धरून पुढे केली. काडीवर जेमतेम आमटीपुरती पानं होती. "हाय," बाई म्हणाली. सुचेताचा हात पुढे गेला नाही. मागे एक टेंपो हॉर्न वाजवत होता, शेजारची बाई काकड्यांवर पाणी शिंपडत होती, आणि सुचेता तो एकच शब्द मनात पुन्हा ऐकत होती. बाईने काडी हलवली. "हाय ना गं बाय. घेतेस का नाय?" तिने काडी घेतली, गाडीत येऊन बसली आणि किल्ली हातात धरून समोरच्या काचेकडे बघत राहिली. हाय. म्हणजे आहे. म्हणजे संपलेला नाही, तळाशी थोडा उरलाय, बघ, हा एवढा. मंगळवारी साजगावच्या कारखान्यात पंपावरच्या सहदेवने वॉकी-टॉकीवर तिला हेच सांगितलं होतं, आणि तिने त्याच्या बरोबर उलटं ऐकलं होतं.

कारखाना ग्लिसरीनचा होता. साबणाच्या कारखान्यांत उरलेलं काळपट, खारट ग्लिसरीन टँकरने यायचं, उंच कॉलममध्ये, मनोऱ्यासारख्या उभ्या टाकीत, हवा काढून तापवायचं आणि वरून पाण्यासारखं स्वच्छ होऊन निघायचं, अशी योजना होती. कॉलमच्या उंचीपासून तळाच्या पंपापर्यंतची गणितं सुचेताची होती. आयुष्यभर तिने अशी गणितं करून इतरांच्या हवाली केली होती. कुठे वडोदऱ्याला, कुठे दहेजला तिचे कॉलम उभे राहिले आणि ती पुण्यातल्या टेबलाशी बसून पुढचा काढत राहिली. या वेळी कंपनीने तिलाच चालू करायला पाठवलं. तुम्ही तिकडच्याच ना मॅडम, असं म्हणून. तिलाही ते बरं वाटलं होतं. वडील, तात्या, कर्जतला एकटे होते, त्यांच्या फ्लॅटमधून साजगाव गाडीने जवळ, आणि रोज सकाळी पळसदरीचा तलाव डाव्या हाताला ठेवून घाटाच्या दिशेने जाताना आपण कुठून तरी परत आलो आहोत असं तिला वाटायचं. लहानपणी थंडीत आई ओठांना ग्लिसरीन लावायची, ते जिभेने चाटलं की गोड लागायचं आणि आई हातावर चापट मारायची. एकदा तिने ही गोष्ट कंट्रोल रूममध्ये सांगितली होती. सगळे हसले होते. सहदेवही दारात उभा होता, पण तो हसला होता का, हे तिला आता आठवत नव्हतं.

नवा कारखाना आधी पाण्यावर चालवतात. खरा माल आत सोडण्यापूर्वी सगळ्या टाक्या, पंप, नळ, व्हॉल्व्ह नुसत्या पाण्याने फिरवून बघायचे. चूक झाली तर जमीन ओली होते, एवढंच. पावसाळा संपता संपता त्यांनी तसं बरेच दिवस चालवलं. कंट्रोल रूममधल्या पडद्यांपुढच्या खुर्चीत जितेश असायचा, खालापूरच्या बाजूच्या एका गावातला, डिप्लोमा झालेला, बोलण्यात चटपटीत. आणि खाली कॉलमच्या पायाशी पंपाजवळ सहदेव. दोघांच्या हातांत वॉकी. दिवसभर ते आवाज तिच्या कानावर पडत होते. वाल बंद हाय. पंप चालू नाय. लेवल हाय. जितेश ऐकायचा, मान डोलवायचा, पडद्यावर आकडा बदलायचा. त्या दोघांत अर्थ कधी सांडला नाही. प्रोजेक्टचा प्रमुख मिहीर पुण्याचा, तिच्याहून बराच लहान. तो वॉकी हातात घेताना जितेशला शेजारी उभं करायचा. मला यांचं कळत नाही बाबा, असं मोकळेपणी म्हणायचा. सुचेताला त्या वेळी जरा गंमत वाटायची, आणि त्या गमतीत थोडा गर्व होता. तिला कळत होतं. ती इथलीच होती.

मंगळवारी दुपारी खरा माल सोडायचा होता. सकाळी पूजा झाली, पंपाला हार घातला, कॉलमच्या पायरीवर नारळ फोडला. मिहीर म्हणाला की फीड, म्हणजे कॉलममध्ये माल सोडणं, मॅडमच सुरू करतील, त्यांच्या हाताने होऊ दे. जितेश लगेच खुर्चीवरून उठला आणि पेढ्यांचा डबा घेऊन बाहेर गेला. खुर्ची अजून गरम होती. माल चढू लागला, तापू लागला, आणि पडद्यावर कॉलमच्या तळातली लेव्हल भराभर वर सरकून जवळजवळ भरल्याची दिसायला लागली. त्या आकड्यावर तिचा विश्वास नव्हता. पाण्यावर चालवतानाही तो मध्येच अडकायचा. कॉलमच्या तळाला बाहेरून एक उभी काच असते, तिच्यात आतला माल डोळ्यांनी दिसतो. तिने वॉकी उचलला, बटण दाबलं आणि शांतपणे विचारलं, "सहदेव, काचेत बघा. लेव्हल काय आहे?" बटण सोडलं. थोडी खरखर झाली. मग त्याचा आवाज आला, सावकाश, नेहमीसारखा. "लेवल हाय, मॅडम."

सगळ्या पडद्यांवर, सगळ्या धोक्याच्या दिव्यांखाली, तिने काढलेल्या सगळ्या नकाशांवर इंग्रजी हाय म्हणजे वर. जास्त. भरलेलं. तिने फीड कमी केलं आणि तळातला माल बाहेर ओढणारा पंप पूर्ण वेगाने चालवला. काचेच्या तळाशी जो बोटभर माल सहदेवला दिसला होता तो पंपाने ओढून घेतला आणि पंप कोरडा फिरू लागला. तिला तो आवाज ऐकूही आला, जात्यात खडे पडल्यासारखा, पण तो पंपाचा आहे हे कळेपर्यंत बाहेर धावपळ सुरू झाली होती. पंपाचं सील फुटलं आणि तापलेला माल बाहेर उडाला. सहदेव पंपाच्या कडेला असलेलं बंद करायचं बटण दाबायला वाकलेला होता. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू. तापलेलं ग्लिसरीन पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून राहतं. जिथे बसतं तिथे भाजत बसतं. हे तिने पुस्तकात वाचलं होतं आणि सुरक्षेच्या वर्गात स्वतः सांगितलंही होतं.

त्याला खोपोलीला दवाखान्यात नेल्यावर मिहीरने तिला बाजूला घेऊन विचारलं की काय झालं. ती म्हणाली होती, सहदेवने लेव्हल हाय सांगितली. वाक्य खरं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तिचा आवाजही कापला नव्हता. मिहीरने ते इंग्रजीत उतरवून घेतलं. तिथे उतरताना ते असं झालं की खालच्या माणसाने काच न बघता चुकीची लेव्हल कळवली. सहदेव वर्षाच्या करारावर होता. कारखाना चालू झाला की खालच्या माणसांतले काही कायम होणार होते आणि त्यांत तो पहिला धरलेला होता. आता तो धरला जाणार नाही, हे मिहीरने सांगितलं नाही. त्याने फक्त एवढंच म्हटलं की रिपोर्ट सोमवारी पुण्याला जाईल. आता तिच्या मुठीत ती काडी चुरली होती. गाडीभर कढीपत्त्याचा वास झाला होता आणि तिला वाटत होतं की हा वास आता जाणार नाही.

पण तिला नुसतं उलटं ऐकल्याचं दुःख नव्हतं. ते तर कोणाचंही झालं असतं. मिहीरचं झालं असतं तर तिनेच त्याला समजावलं असतं की बाबा, आवाज सारखे असतात. तिला बोचत होतं ते असं की हा शब्द तिने लहानपणभर ऐकला होता. शाळेत निम्मा वर्ग तो बोलायचा. नदीपलीकडून, भिवपुरीच्या बाजूच्या गावांतून चालत येणारी मुलं, पायांना चिखल, दप्तराला खताच्या पिशवीचं कापड. तात्या त्याच शाळेत मराठी आणि शास्त्र शिकवायचे. तात्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही, त्याचा त्यांना अभिमान होता. हजेरीला एखादा मुलगा 'हाय सर' म्हणाला की तात्या चष्मा नाकावर सरकवायचे, हात उंच करून पंजा हलवायचे आणि म्हणायचे, "हाय! बाय!" टीव्हीमुळे ते सगळ्यांना नवीन नवीन कळू लागलं होतं. वर्गात हशा फुटायचा. मग तात्या प्रेमाने म्हणायचे, बस रे, आता 'आहे' म्हण बघू. मुलगा उभाच असायचा. काही मुलं म्हणायची. एकजण कधीच म्हणायचा नाही, आणि 'हाय'ही म्हणायचा नाही. नाव घेतलं की नुसती मान वर करायचा, आणि तात्या पुढे जायचे. सुचेता पहिल्या बाकावर बसायची. ती हसायची. मास्तरांची मुलगी म्हणून तिला जरा आधी हसावं लागायचं, इतरांना कळावं की हसायची वेळ झाली. त्या मान वर करणाऱ्या मुलाचं नाव तिला आठवायचं नव्हतं. गाडी सुरू करून ती पुलावर आली, आणि मध्यावर नाव आपणहून आलं, आडनावासकट, तात्यांच्या हजेरीच्या चालीत.

दवाखान्यात सहदेव खाटेवर उशीला टेकून बसला होता. हात पट्ट्यांत, मान एका बाजूला धरलेली. त्याची बायको छाया खिडकीपाशी डबा पुसत होती. सुचेताने आणलेली मोसंबी तिने घेतली, खुर्चीखाली ठेवली आणि पुन्हा डब्याकडे वळली. सुचेता खुर्चीवर बसली. येताना रस्ताभर तिने वाक्यं जुळवली होती, आणि आता ती सगळी एखाद्या रिपोर्टमधली वाटत होती. तिने बरं वाटतंय का विचारलं. तो म्हणाला, आग कमी झाली. नर्स येऊन गेली. सुचेता म्हणाली की वॉकीवरच्या त्या बोलण्याचा तिने पुन्हा विचार केला. तिला पुढे बोलू न देता सहदेव उशीवरून थोडा पुढे झाला. "माझंच चुकलं मॅडम," तो म्हणाला. "आहे म्हनायला पायजे होतं. सर सांगायचे."

छायाने डबा खाली ठेवला. "त्यांना बोलायला नका लावू," ती सुचेताकडे न बघता म्हणाली. "बोलून बगितलं त्यांनी." सहदेवने तिला हाताने गप्प बसवलं, चांगल्या हाताने, आणि सुचेताकडे बघून हसल्यासारखं केलं. म्हणजे त्याने तिला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. पाण्यावर चालवलं त्या सगळ्या दिवसांत, रोज वर-खाली जाता-येता, मॅडम म्हणून बाजूला होताना, त्याला ठाऊक होतं की ही पहिल्या बाकावरची. तो एकदाही बोलला नाही. का, हे विचारायची तिला हिंमत झाली नाही, कारण उत्तर तिच्या समोरच होतं. "सर कसे हायत?" सहदेवने विचारलं, आणि त्याच दमात थांबून, जपून, पायाखालचा दगड हलतो का बघत पाऊल टाकावं तसं म्हणाला, "कसे आहेत?"

त्या क्षणी तिला वाटलं की आपण त्याच्याकडे जावं, त्याच्या बाजूला. दुसरं काही सुचलं नाही. "बरे हायत," ती म्हणाली. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिला स्वतःलाच तो ऐकू आला. तात्यांचा पंजा हलताना दिसला. तो शब्द तिच्या तोंडचा नव्हता, कधीच नव्हता, आणि तिच्या तोंडी त्याची फक्त नक्कल होत होती. छायाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. सहदेवने खाली पाहिलं. त्या दोघांना ती चेष्टा वाटली, तसं तिला म्हणायचं नव्हतं, आणि हेही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. ती जिना उतरली तेव्हा मोसंब्यांची पिशवी खुर्चीखालीच राहिल्याचं तिला आठवलं. मग आठवलं की पिशवी तिने दिली होती, छायाने ती खुर्चीखाली ठेवली होती.

संध्याकाळी तिने तात्यांना सांगितलं. तात्यांना आता कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र ते बातम्यांपुरतं लावतात. ती मोठ्याने, सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत राहिली, हाय आणि हाय, आणि प्रत्येक वेळी तात्या कानामागे हात धरून 'काय?' म्हणत राहिले. सहदेव त्यांना आठवला नाही. असे पुष्कळ होते, ते म्हणाले, आणि नावं घेऊ लागले, वेगळीच, वकील झालेल्यांची, बँकेत गेलेल्यांची, नेरळला बंगला बांधलेल्या एकाची. मग थांबून त्यांनी सगळी गोष्ट मनात पुन्हा लावून बघितली. त्यांचा चेहरा एखादं उदाहरण सोडवतानासारखा एकाग्र झाला, तो तिला फार ओळखीचा होता, तिचा स्वतःचाही तसाच होत असणार. "पण मग त्याने 'आहे' का नाही म्हटलं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने भात वाढला. आमटीत कढीपत्ता नव्हता, आणि तात्यांनी तेही विचारलं.

सोमवारी रिपोर्ट जायच्या आधी तिने मिहीरला सगळं सांगितलं. सहदेवने काच बघितली होती, बरोबर बघितली होती, बरोबर सांगितलं होतं. चुकीचं मी ऐकलं. मिहीर आधी थक्क झाला, मग हसला, मग हसल्याबद्दल माफी मागितली. तो वाईट माणूस नव्हता. त्याने आधीचं वाक्य खोडलं. सहदेवचं नाव कायम होणाऱ्यांत राहील असं त्याने तिच्यासमोर पुण्याला फोन करून ठरवलं, आणि तिला क्षणभर इतकं हलकं वाटलं की खिडकीबाहेरच्या डोंगराची रेघ तिने बऱ्याच दिवसांनी पाहिली. मग मिहीर म्हणाला की पुणेकर विचारतात, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. ती म्हणाली, वॉकीवर इंग्रजी हाय बोलायचंच नाही. वर म्हणायचं. भरली म्हणायचं. इथे सगळ्यांना कळतं. मिहीरने पडद्यांकडे हात केला. प्रत्येकावर तो शब्द लाल अक्षरांत होता.

"मॅडम, मॅन्युअलं बदलायची की माणसं?" तो म्हणाला. "माणसं आठवड्यात होतील."

वर्ग घ्यायला तिलाच सांगितलं. तुम्ही इथल्या, तुमचं ऐकतील. कॅन्टीनमध्ये जेवणानंतर टेबलं भिंतीला लावली. फळ्यावर तिने लिहिलं, आहे, नाही. खाली लिहिलं की लेव्हल टक्क्यांत सांगावी. तिने खूप जपून समजावलं. म्हणाली की यात कोणाचं बोलणं चूक नाही, यंत्रांचा एक शब्द आपल्या शब्दासारखा ऐकू येतो, तेवढ्यापुरतं. जितेश मागे बसून शेजारच्याला म्हणाला, "आयला, आता घरी गेल्यावर बायको वळखायची नाय," आणि सगळे हसले. तीही हसली. मग सगळ्यांनी एकदा म्हणून दाखवायचं ठरलं, मिहीरने तसं लिहून दिलं होतं. वाल बंद आहे. पंप चालू नाही. मोठाली माणसं, काहींचे केस पिकलेले, शेतावरून परस्पर आलेली, एकामागून एक उभी राहिली आणि म्हणाली. एक अडखळला. कोणीतरी मागून हात वर करून पंजा हलवला. ते तिने शिकवलं नव्हतं. फळ्याकडे वळून ती खडू शोधत राहिली, खडू तिच्या हातातच होता.

दुसऱ्यांदा चालू केलं तेव्हा पूजा केली नाही. मिहीरला वाटलं की एकदा झाली तेवढी पुरे. सहदेव कामावर आला होता, लांब बाह्यांचा शर्ट घालून. मानेवरची नवी कातडी गुलाबी, चकाकणारी होती, ग्लिसरीन लावलेले ओठ दिसतात तशी. त्याला हलकं काम देऊ असं तिने सुचवलं होतं, पण त्यानेच पंपाजवळची जागा मागून घेतली. खुर्चीत जितेश होता. माल चढला, तापला, पडद्यावरचा आकडा या वेळी नीट सरकत होता, विचारायची तशी गरज नव्हती. जितेशने तरीही वॉकी तिच्यापुढे धरला, तिनेच विचारावं असं काहीतरी त्यालाही वाटलं असावं. तिने बटण दाबलं. "सहदेव, लेव्हल?"

खरखर. नुसती खरखर, आणि त्या खरखरीमागे पंपाचा सरळ, तेल लागलेला आवाज. ती खिडकीतून खाली बघू शकली असती. तो तिथून दिसतो, कॉलमच्या पायाशी, काचेकडे तोंड करून. ती बघत नव्हती. तिला तो वर्गात उभा दिसत होता, नाव घेतलेलं, मान वर. "लेव्हल," वॉकीतून आवाज आला, 'व' आणि 'ह' यांच्यामध्ये पुरती जागा सोडून, "चाळीस टक्के. आहे, मॅडम."

जितेशने आकडा पडद्याशी ताडून बघितला आणि बरोबर म्हणून मान डोलवली. सगळं बरोबर होतं. वरच्या नळीतून पहिलं स्वच्छ ग्लिसरीन टाकीत पडत असल्याचं कोणीतरी ओरडून सांगितलं आणि मिहीर धावत बाहेर गेला. सुचेताने पुन्हा बटण दाबलं. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं, लेव्हलबद्दल नव्हे. तिने तोंड उघडलं आणि त्यासाठी कुठला शब्द घ्यावा, कोणाचा, हे तिला कळेना. वॉकीचं बटण दाबून धरलं की पलीकडचं काही ऐकू येत नाही. खाली सहदेव वॉकी तोंडाशी धरून काहीतरी बोलत होता, हे तिला आता खिडकीतून दिसलं. तिचं बोट बटणावरून निघालं तेव्हा त्याचं बोलून झालं होतं, आणि तो पुन्हा काचेकडे वळला होता.